मोबाईलवरच्या पुस्तकाला कुलूप घालावे काय?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची उन्हे कलती झाली होती. आमच्या वहिनी मोबाईल हातात धरून ओसरीवर आल्या. चेहऱ्यावर हसू होते की रडू, ते कळेना. म्हणाल्या, "भावजी, हे बघा. माझं पुस्तक माझ्याकडंच परत आलंय."

झाले होते असे. वहिनींनी दोन वर्षे खपून वाळवणाचे एक पुस्तक लिहिले. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत घालताना पाणी रोज का बदलायचे, चीक फार आंबट होऊ नये म्हणून काय करायचे, वरचे निवळ पाणी किती काढून टाकायचे, पापड्या वाळत घातल्या आणि नेमके आभाळ भरून आले तर काय करायचे, खारोड्यांची बाजरी किती जाड भरडायची, असा सारा मजकूर. बचत गटातल्या बायका वर्षानुवर्षे जे विचारीत आल्या, तेच त्यांनी वहीत उतरवून काढले. पुतण्याने ते टाइप केले, मधे मधे फोटो घातले आणि त्याची पीडीएफ केली. छापून घ्यायचे तर छापखानेवाला पाचशे प्रतींच्या खाली बोलेना, आणि तेवढे पैसे अडकवून ठेवायची सोय नव्हती. म्हणून ठरले, की पुस्तक मोबाईलवरच विकायचे. किंमत ६० रुपये. पैसे यूपीआयने आले, की पुस्तक व्हॉट्सअ‍ॅपवर रवाना.

सुरुवात बरी झाली. आधी नात्यागोत्यातल्यांनी घेतले, मग गटातल्या बायकांनी, मग ओळख ना पाळख अशा लांबच्या गावच्यांनीही घेतले. पोरीच्या शिकवणीची फी त्यातून निघाली, म्हणून वहिनी खूष होत्या. पुढे एकाएकी मागणी आटली. का आटली ते त्या दुपारी कळले. लांबच्या एका मावशींनी ते पुस्तक दोन-अडीचशे बायकांच्या एका गटावर टाकले होते आणि खाली लिहिले होते, "वाळवणाचं फार छान पुस्तक आहे, सगळ्यांनी जपून ठेवा." त्या गटातून ते दुसऱ्या गटात, तिथून तिसऱ्यात, आणि फिरत फिरत वहिनींच्या चुलत नणंदेमार्फत त्यांच्याच मोबाईलवर!

"आता या मावशींना शिव्या देऊ, की आभार मानू?" वहिनी म्हणाल्या. "माझं नाव झालं म्हणायचं, की माझी चोरी झाली म्हणायची?"

पुतण्या कॉलेजात शिकतो. तो लगेच म्हणाला, "काकू, पुस्तकाला कुलूप घालू." आणि त्याने त्याच संध्याकाळी पीडीएफला पासवर्ड घातला. म्हणजे काय, तर पुस्तक उघडताना आधी एक गुप्त शब्द लिहायचा, तो बरोबर असला तरच पाने दिसायची. नव्या गिऱ्हाइकाला पुस्तक पाठवायचे आणि पाठोपाठ तो शब्द कळवायचा.

आठ दिवसांत त्याचा निकाल लागला. पुस्तक पुढे गेले ते गेलेच; त्याच्या पाठोपाठ पासवर्डही पुढे गेला. कुलपाला बांधूनच किल्ली पाठवावी तसा प्रकार. उलट ज्यांनी पैसे मोजून घेतले त्यांचेच फोन येऊ लागले. एकीचा शब्द हरवला. दुसरीचा मोबाईल बदलला आणि जुन्यातले संदेश गेले. तिसरी तर चुलीवर चीक चढवून बसलेली, एका हातात उलथणे आणि दुसऱ्या हाताने पासवर्ड लिहिते आहे, तो जुळेना. तिकडे चिकाच्या गुठळ्या होत होत्या. तिचा फोन वहिनींनी घेतला आणि तोंडीच सगळी कृती सांगितली. पासवर्ड त्याच दिवशी निघाला.

पण प्रश्न तिथे संपला नाही. आम्हालाही वाटले, की याचा नीट छडा लावावा. कारण वहिनींसारख्या लिहिणाऱ्या आता गावोगाव आहेत. कोणी द्राक्षाच्या छाटणीवर लिहितो, कोणी शेळीपालनावर, कोणी आजीच्या तोंडच्या ओव्या जमवतो. हे लोक छापखान्याच्या दारात न जाता मोबाईलवरच पुस्तक विकतात.

मोठ्या दुकानांचे कुलूप

मोठ्या कंपन्यांचे कुलूप पासवर्डाहून पक्के असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'डीआरएम' म्हणतात. आपण त्याला नकलबंदी म्हणू. ह्यात पुस्तकाचा मजकूर सांकेतिक लिपीत गुंडाळलेला असतो आणि तो उलगडण्याची किल्ली कंपनी आपल्या ताब्यात ठेवते. गिऱ्हाइकाच्या खात्याशी आणि यंत्राशी ती किल्ली जोडलेली असते. तेच पुस्तक उचलून शेजाऱ्याच्या मोबाईलवर टाकले, तर तिथे ते उघडतच नाही. कणगी आपल्या घरात, धान्य आपले, पण झाकणाची किल्ली व्यापाऱ्याच्या कनवटीला, असे समजा.

अ‍ॅमेझॉन कंपनीच्या किंडल दुकानात डिसेंबर २०१६ पासून मराठी ई-पुस्तके मिळू लागली. तिथे लेखक स्वतः आपले पुस्तक चढवू शकतो, आणि नकलबंदी हवी की नको हे लेखकालाच विचारले जाते. पुतण्याने तो फॉर्म उघडून दाखवला. एका खुणेचा प्रश्न. पण त्या एका खुणेपाशी जगातले भले भले लेखक आणि प्रकाशक पंचवीस वर्षे अडखळत आले आहेत.

अमेरिकेत स्टीफन किंग नावाचे भयकथांचे फार खपाचे लेखक आहेत. मार्च २००० मध्ये त्यांची एक दीर्घकथा फक्त ई-पुस्तक म्हणून निघाली, किंमत अडीच डॉलर. पहिल्या चोवीस तासांत चार लाखांवर प्रती उतरवून घेतल्या गेल्या. तिला नकलबंदीचे कुलूप होते. ते काही दिवसांतच कोणीतरी फोडले, आणि फुकटच्या प्रती फिरू लागल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये किंगसाहेबांनी उलटा प्रयोग केला. 'द प्लांट' ही कादंबरी त्यांनी भागाभागाने, अजिबात कुलूप न लावता, स्वतःच विकायला काढली. अट एकच. उतरवून घेणाऱ्यांपैकी शेकडा ७५ जणांनी पैसे दिले तर पुढचे भाग येतील. पहिल्या भागाला लोकांनी शब्द पाळला. चौथ्या भागापर्यंत पैसे देणारे निम्म्याहून कमी उरले. सहा भाग झाल्यावर डिसेंबरात लेखकाने काम थांबवले, आणि कादंबरी अपुरीच राहिली.

म्हणजे कुलूप घातले तरी फुटले, आणि न घातले तरी बरेच लोक फुकटे निघाले. हा हिशेब ऐकून वहिनी गप्पच झाल्या. पण त्यातली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. त्या बिनकुलपाच्या, अपुऱ्या कादंबरीतूनही खर्च वजा जाता लेखकाला साडेचार लाख डॉलरांहून जास्त सुटले. अर्थात किंग कुठे आणि आपण कुठे! एवढे मात्र दिसते, की निम्मे लोक पैसे देत नाहीत म्हणून उरलेले निम्मे खोटे ठरत नाहीत.

किल्ली ज्याच्याकडे, पुस्तक त्याचे

आता हाच प्रश्न गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहू. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत एक चमत्कारिक प्रकार घडला. जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तके काही लोकांनी किंडलवर पैसे देऊन घेतली होती. पुढे कळले, की ज्याने ती दुकानात चढवली त्याला अमेरिकेत ती विकण्याचा हक्कच नव्हता. अ‍ॅमेझॉनने काय करावे? गिऱ्हाइकांना पैसे परत केले, आणि त्यांच्या यंत्रांतून ती पुस्तके न विचारता परस्पर पुसून टाकली. रात्री कपाटात ठेवलेले पुस्तक सकाळी जागेवर नाही! त्यातून '१९८४' ही कादंबरीच अशी, की तिच्यात सरकार आपल्याला नको असलेले कागद भट्टीत घालून नाहीसे करते. एका विद्यार्थ्याने पुस्तकावर अभ्यासाची टिपणे केली होती. पुस्तक गेल्यावर ती टिपणे निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि पुढे दीड लाख डॉलर मोजून तंटा मिटवला.

मायक्रोसॉफ्टचे तर दुकानच बंद झाले. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने ई-पुस्तके विकणे थांबवले, आणि जुलैपासून आधी विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. कारण किल्ल्या सांभाळणारे यंत्रच बंद. कंपनीने सर्वांचे पैसे परत केले, समासात टिपणे केली असतील त्यांना २५ डॉलर वर दिले. व्यवहार म्हणून चोख. पण पैसे मिळाले तरी पुस्तके गेलीच.

आमच्या वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत गुरांच्या आजारांवरचे एक जुने पुस्तक आहे. पाने पिवळी पडली आहेत, कव्हर नाही. विकणारा दुकानदार जाऊन चाळीस वर्षे झाली असतील. पण गाय आडवी पडली, की डॉक्टर येईतो आम्ही तेच उघडतो. नकलबंदीच्या पुस्तकाचे तसे नाही. कंपनीच्या अटींत स्पष्ट लिहिलेले असते, की गिऱ्हाइकाला मिळते ती वाचण्याची परवानगी, पुस्तकाची मालकी नव्हे. ती परवानगी दुसऱ्याला विकता येत नाही की देऊन टाकता येत नाही.

शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. बियाण्याच्या बाबतीत आपण हे सारे पाहिले आहे. १९९८ साली अमेरिकेत एका बियाणे कंपनीने आणि तिथल्या कृषिखात्याने मिळून एका तंत्राचे पेटंट घेतले. त्या तंत्राने केलेल्या पिकाचे दाणे पेरले तर उगवतच नाहीत. दरसाल नवे बी विकत घेणे भाग. लोकांनी त्याला 'टर्मिनेटर' नाव ठेवले. आपल्या देशातही त्यावर मोठे काहूर उठले. ते बी शेतात कधी आले नाही. आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तर अशा तंत्राच्या वाणाची नोंदणीच होणार नाही असे ठरवले, आणि आपल्या शेतातले बी राखून ठेवणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्याला देणे हा शेतकऱ्याचा हक्क मानला. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीच्या नावाच्या पिशवीत भरून विकायचे नाही, एवढी मर्यादा घातली.

दाखला शंभर टक्के लागू पडतो असे मात्र नाही. बी वाढवायला शेतकऱ्याचा घाम लागतो, पाणी लागते, चार महिने लागतात. मोबाईलवरचे पुस्तक दोनशे जणींना पाठवायला बोटाचा एक टोला पुरतो. शिवाय कायदाही इथे वेगळा आहे. कागदाचे पुस्तक शेजारणीला वाचायला दिले तर कोणाचा आक्षेप नाही. साप्ताहिकाचा एक अंक आळीतल्या सहा घरांत फिरतो ते सर्वांनाच माहीत आहे. पण तिथे अंक एकच असतो. पीडीएफ पुढे पाठवली की नवी नक्कल तयार होते, आणि ती लेखकाच्या परवानगीवाचून करता येत नाही.

कायदा काय म्हणतो

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. पुस्तक लिहिले की हक्क आपोआप लेखकाचा. नोंदणी सक्तीची नाही. करायची असल्यास साहित्यकृतीला सरकारी फी ५०० रुपये आहे, आणि पुढे वाद झालाच तर ती नोंद पुराव्याला उपयोगी पडते. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. तो जाणूनबुजून मोडणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. धंद्यासाठी केले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक कलम आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने नकलबंदीचे कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

वहिनींना आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगितली. कुरडईची कृती कोणाच्याच मालकीची नाही. गहू किती, पाणी किती, मीठ किती, यावर हक्क सांगता येत नाही. वहिनींचे आहेत ते त्यांचे शब्द आणि त्यांचे फोटो. कोणी त्यांच्या पुस्तकात वाचून कुरडया केल्या आणि बाजारात विकल्या, तर ते रास्तच. "मग त्यासाठीच तर लिहिलंय," असे वहिनी म्हणाल्या.

बरे, मावशींना कोर्टात कोण खेचणार? ६० रुपयांसाठी तालुक्याला एक खेप मारली तरी एसटीचे भाडे जास्त होते. कायद्याचा उपयोग आहे तो चोरीचा धंदा मांडून बसलेल्यांवर. स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेचे साहित्य टेलिग्रामवर सर्रास वाटले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्राम कंपनीला ते वाटणाऱ्यांची माहिती देण्याचा हुकूम केला. ज्याची वर्षाची कमाई अशा पुस्तकांवर आहे, त्याने हा मार्ग ध्यानात ठेवावा.

कुलपाची बाजू अगदीच लंगडी आहे असे आम्ही म्हणत नाही. ई-वाचनालयाचे उदाहरण घ्या. पुस्तक पंधरा दिवसांसाठी वाचायला दिले, तर पंधरा दिवसांनी ते परत गेले पाहिजे. तिथे मुदतीचे कुलूप नसेल तर वाचनालय आणि लेखक दोघेही बुडतील. पण पूर्ण किंमत घेऊन विकलेल्या पुस्तकाला तेच कुलूप लावणे आम्हाला पटत नाही. त्यातून ते चोराला अडवतेच असेही नाही. जे पडद्यावर दिसते त्याचा फोटो दुसऱ्या मोबाईलने निघतोच. एका माणसाने एकदा कुलूप मोडले, की पुढच्या हजारांना बिनकुलपाची प्रत मिळते. कुलूपवाली प्रत उरते ती फक्त पैसे भरणाऱ्याच्या वाट्याला.

हे काही आम्हीच म्हणतो असे नाही. 'टॉर' नावाच्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने एप्रिल २०१२ मध्ये आपल्या सर्व ई-पुस्तकांची नकलबंदी काढण्याचे जाहीर केले. वर्षभराने तिच्या इंग्लंडमधल्या शाखेने सांगितले, की चोरी वाढल्याचे काही दिसून आले नाही. आणि हॅरी पॉटरची ई-पुस्तके मार्च २०१२ मध्ये प्रथम विक्रीला आली, तेव्हा त्यांना नेहमीच्या कुलपाऐवजी वेगळीच युक्ती केलेली होती. प्रत्येक प्रतीत ती कोणाला विकली याची खूण उमटवलेली असे. प्रत उघड्यावर सापडली, की कोणाच्या हातून निसटली ते कळावे.

ही युक्ती वहिनींना फार आवडली. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात तसे! पंगतीला दिलेले पातेले नाव असले की घरी परत येते.

मग आम्ही पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळले, आणि आमचीच चूक आमच्या ध्यानात आली. सबंध पुस्तकात कुठेही किंमत लिहिलेली नव्हती. ते विकत मिळते असेही लिहिले नव्हते. मुखपृष्ठावर वहिनींचे नाव, आत कृती, शेवटी 'समाप्त'. व्हॉट्सअ‍ॅपवर सणाच्या शुभेच्छा येतात, औषधांचे नुस्खे येतात, तसेच हेही आले असे ज्या मावशींना वाटले, त्यांना चोर कसे म्हणायचे?

आता पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, की हे पुस्तक लिहायला दोन वर्षे लागली, किंमत ६० रुपये आहे, आणि तुमच्याकडे ते कोणी पाठवले असेल व उपयोगी पडले असेल तर या क्रमांकावर पैसे पाठवा. शेवटच्या पानावर पुन्हा तोच क्रमांक. शिवाय विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीच्या पानापानाखाली पुतण्या बारीक अक्षरांत घेणारीचे नाव आणि गाव घालतो. फोन नंबर मात्र कधी घालत नाही. तो भलत्याच्या हाती जायला नको. आपले नाव छापून आलेले पाहून बायका खूष होतात, आणि आपल्या नावाची प्रत भलत्या गटावर टाकायला मनही धजत नाही.

किंडलवरही पुस्तक चढवायचे ठरले आहे, अर्थात कुलपाविना. तिथे एक गोष्ट नीट वाचून घ्यावी लागली. जास्त टक्केवारीचा मोबदला देणारी एक योजना आहे, पण तिच्यात गेले तर ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा. वहिनींची खरी गिऱ्हाइके व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यामुळे त्या योजनेला नकार दिला.

आधी फुकट फिरलेल्या प्रतींचे पैसे आले काय? थोडे आले. त्या मावशींना वहिनींनी स्वतः फोन केला. त्या ओशाळल्या, आपले ६० रुपये पूर्वीच दिलेले असूनही आणखी ६० पाठवू लागल्या. वहिनींनी घेतले नाहीत, एवढेच सांगितले की गटावर तशी दोन ओळींची चिठ्ठी टाका. मावशींनी टाकली. त्या गटातून काही जणींनी पैसे पाठवले. बहुतेकींनी नाहीत, आणि आता पाठवतील असे वाटत नाही. एकीने तर पैसे न देता वर विचारले, की मसाल्यांचे पुस्तक कधी काढणार? वहिनींनी तिलाही उत्तर दिले.

मसाल्यांचे लिखाण तसे चालूच आहे. फोटो काढायचे काम आमच्याकडे आले आहे, पण मिरच्या अजून वाळायच्या आहेत.